ऑस्मंड बंधू

ऑस्मंड बंधू : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एका मॉर्मनपंथीय कुटुंबातील भावंडांचा प्रसिद्ध गायकवृंद. ॲलन (जन्म १९४९), वेन (१९५१–२०२५), मेरिल (जन्म १९५३), जे (जन्म १९५५) व डॉनी (जन्म १९५७) हे पाच भाऊ या वृंदाचे प्रमुख घटक होत. त्यांची बहीण मारी (जन्म १९५९) व धाकटा भाऊ जिमी (जन्म १९६३) यांनीही स्वतंत्र गायक म्हणून लौकिक मिळविला. एकसारखा पोशाख, हसरे चेहरे, सुरेल स्वरमेळ आणि निर्व्यसनी कौटुंबिक जीवन यांमुळे १९६० नंतरच्या दशकात हा वृंद अमेरिकन मध्यमवर्गाच्या सोज्ज्वळ करमणुकीचे प्रतीक मानला जाई. अशा या भावंडांनी १९७२ साली ‘क्रेझी हॉर्सेस’ (वेडे घोडे) हे कर्कश विद्युत् गिटारींचे, आरोळीवजा गायनाचे गीत प्रसिद्ध केले व श्रोत्यांना चकित केले. हार्ड रॉककडे झालेले हे वळण पॉप संगीताच्या इतिहासातील एक नवल म्हणून उल्लेखिले जाते. तथापि गीताचा आशय व त्याची पार्श्वभूमी पाहता, ते कुटुंबाच्या श्रद्धांशी फारकत घेणारे नव्हते. बदलला तो नाद. त्यामागील नीतिविचार पूर्वीचाच राहिला.

पूर्वपीठिका : ऑस्मंड कुटुंब मूळचे यूटा राज्यातील ऑग्डेन या गावचे. जॉर्ज ऑस्मंड (१९१७–२००७) व ऑलिव्ह ऑस्मंड (१९२५–२००४) या दांपत्यास नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी व्हर्ल व टॉम या सर्वांत थोरल्या दोन मुलांना जन्मापासून ऐकू येण्यात गंभीर अडचण होती. त्यांच्यासाठी श्रवणयंत्रे घेता यावीत, या हेतूने पाठच्या चौघा भावांनी १९५८ च्या सुमारास जाहीर गायनास आरंभ केला. म्हणजे ज्या घरातील थोरल्या भावांपर्यंत गाणे नीट पोहोचतच नव्हते, त्या घरात गाणे हा उपजीविकेचा व परस्परसाहाय्याचा मार्ग ठरला. या चौकडीचे आरंभीचे गायन ‘बार्बरशॉप’ पद्धतीचे होते. वाद्यांच्या साथीशिवाय चार आवाज एकमेकांत घट्ट बसवून गाणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य असून तीत आवाजाच्या जोरापेक्षा स्वरांच्या अचूकतेला महत्त्व असते.

कुटुंबाच्या जीवनक्रमावर मॉर्मन पंथाचा खोल ठसा होता. जोसेफ स्मिथ याने १८३० साली स्थापन केलेल्या या पंथाच्या अनुयायांनी छळामुळे पश्चिमेकडे स्थलांतर केले व १८४७ मध्ये ब्रिगॅम यंग याच्या नेतृत्वाखाली यूटाच्या खोऱ्यात वस्ती केली. मद्य, तंबाखू, चहा व कॉफी यांचा त्याग, उत्पन्नाचा दहावा हिस्सा धर्मसंस्थेस देणे, धर्मप्रसारासाठी तरुणांनी काही काळ वाहून घेणे आणि कुटुंबसंस्थेस अनन्यसाधारण महत्त्व, ही या पंथाची ठळक लक्षणे होत. समूहगायनालाही त्यात मानाचे स्थान आहे. ऑस्मंड बंधूंची शिस्त, वडिलांचा अधिकार मानण्याची वृत्ती व मिळकत सामाईक ठेवण्याची पद्धत यांची मुळे या वातावरणात सापडतात.

दूरचित्रवाणीवरील कारकीर्द : डिस्नीलँड येथील कार्यक्रमांतून ही मुले प्रथम लोकांच्या नजरेत भरली. डिसेंबर १९६२ मध्ये लोकप्रिय गायक अँडी विल्यम्स याच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांना स्थान मिळाले. त्या वेळी ॲलन तेरा, तर जे अवघा सात वर्षांचा होता. पुढे लवकरच डॉनीही भावांत सामील झाला. आठवड्यागणिक नवे गीत, नवे नृत्य वा नवे वाद्य शिकून ते बिनचूक सादर करावे लागे. एकाच खेपेत चित्रण पुरे करून देणारी मुले अशी त्यांची तेथे ख्याती झाली. लहानपणीच मिळालेल्या या तालमीमुळे ते केवळ गायक न राहता गिटार, सॅक्सोफोन, ड्रम व कळफलकाची वाद्ये वाजविणारे वादकही बनले. पुढील घडामोडींच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची ठरली. प्रेक्षकांना मात्र ते दिसत ते गोड गळ्याची, आज्ञाधारक मुले म्हणूनच.

१९७० मध्ये एमजीएम या ध्वनिमुद्रिका कंपनीशी त्यांचा करार झाला. कंपनीचा तरुण अध्यक्ष माइक कर्ब याने त्यांना अलाबामा राज्यातील मसल शोल्स येथील फेम ध्वनिमुद्रणगृहात रिक हॉल या निर्मात्याकडे पाठविले. तेथे मुद्रित झालेले, जॉर्ज जॅक्सन याने रचलेले ‘वन बॅड ॲपल’ हे गीत १९७१ च्या आरंभी अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत सलग पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. इंडियाना राज्यातील गॅरी येथील जॅक्सन कुटुंबातील पाच कृष्णवर्णीय भावांच्या ‘जॅक्सन फाइव्ह’ या वृंदाने १९६९ च्या अखेरीपासून जो धाटणीचा साचा लोकप्रिय केला होता, त्याची छाप या गीतावर स्पष्ट होती. त्यामुळे ऑस्मंड बंधू हे गौरवर्णी अनुकरण होय, अशी टीकाही झाली. याच सुमारास कंपनीने डॉनी यास एकल गायक म्हणून पुढे आणले. ‘गो अवे लिट्ल गर्ल’ (१९७१) व ‘पपी लव्ह’ (१९७२) यांसारख्या जुन्या प्रेमगीतांच्या नव्या मुद्रणांनी तो किशोरवयीन मुलींचा आराध्य गायक बनला. कुमारवयीन वाचकांच्या नियतकालिकांतून त्याची छायाचित्रे सातत्याने झळकू लागली.

या यशाची दुसरी बाजू अशी, की वृंदातील थोरले भाऊ विशीत आले असतानाही त्यांची गणना मुलांच्या करमणुकीत होऊ लागली. गीते दुसऱ्याने रचलेली, वादन ध्वनिमुद्रणगृहातील व्यावसायिकांचे आणि प्रतिमा कंपनीने घडविलेली, अशी स्थिती होती. गंभीर रॉक समीक्षकांच्या दृष्टीने हा वृंद चर्चेस पात्रच नव्हता.

हार्ड रॉकचा उदय : रॉक संगीताच्या ज्या शाखेत विद्युत् गिटारीचा जाणीवपूर्वक विकृत केलेला जाडाभरडा नाद, पुनःपुन्हा येणारा छोटा ठाशीव स्वरसमूह, आघातप्रधान ड्रमवादन आणि गळा ताणून केलेले गायन यांना प्राधान्य असते, तिला हार्ड रॉक असे म्हणतात. १९६८ ते १९७० या काळात लेड झेपेलिन, डीप पर्पल व ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश वाद्यवृंदांनी ही शैली दृढमूल केली. लांब केस, बेबंद वर्तन, मादक द्रव्ये व वडीलधाऱ्यांविरुद्धचे बंड यांच्याशी या संगीताची सांगड लोकमानसात पक्की बसली होती. अनेक धार्मिक संस्थांना ते तरुणांना बिघडविणारे वाटे. हे संगीत ऐकणारा श्रोता व ऑस्मंड बंधूंचा श्रोता हे दोन भिन्न जगांतील रहिवासी आहेत, असा सर्वसाधारण समज होता.

वळणाचे टप्पे : ऑस्मंड बंधूंच्या संगीतातील बदल वाटतो तितका आकस्मिक नव्हता. १९७२ च्या आरंभी निघालेल्या ‘फेज थ्री’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘डाउन बाय द लेझी रिव्हर’ हे जोमदार गीत ॲलन व मेरिल यांनी स्वतः रचले होते व ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. स्वतःची रचनाही खपते, हे या यशाने कंपनीला दाखवून दिले आणि भावांना अधिक मोकळीक मिळाली. त्याच वर्षाच्या मध्यास आलेल्या ‘होल्ड हर टाइट’ या गीतातील गिटारीचा ठेका लेड झेपेलिनच्या शैलीशी जवळीक दर्शवितो. ऑक्टोबर १९७२ मध्ये ‘क्रेझी हॉर्सेस’ ही दीर्घ ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिची निर्मिती ॲलन ऑस्मंड व मायकेल लॉइड यांनी केली. तीमधील गीते भावांनीच रचली होती. ही सबंध ध्वनिमुद्रिका हार्ड रॉकची आहे असे मात्र नाही. कर्कश गीतांच्या जोडीला तीत मृदू प्रेमगीते व हलकीफुलकी विनोदी रचनाही आढळतात. जुना श्रोता सुटू नये व नवा मिळावा, अशी ही दुहेरी मांडणी होती.

‘क्रेझी हॉर्सेस’ हे गीत : शीर्षकगीत ॲलन, वेन व मेरिल यांच्या नावावर आहे. त्याची लांबी सु. अडीच मिनिटे आहे. आरंभीच घोड्याच्या खिंकाळण्यासारखा एक घसरता, चिरका स्वर ऐकू येतो. तो डॉनीने विद्युत् ऑर्गनवर काढलेला आहे. बोट सरकवून स्वर सलग वरखाली नेण्याची त्या वाद्यातील सोय आणि आवाजाला ‘वाऽ वाऽ’ असे वळण देणारे पायपेटीचे उपकरण यांच्या संयोगातून तो निर्माण झाला. लाडक्या किशोरगायकाला येथे गळा न वापरता यंत्रातून आरोळी काढावी लागली, हे लक्षणीय होय. मुख्य गायनही नेहमीप्रमाणे मेरिल वा डॉनी याच्याकडे न देता ड्रमवादक जे याच्या राकट आवाजाकडे सोपविले होते. जाड नादाच्या गिटारी, त्यांना समांतर जाणारी पितळी सुषिर वाद्ये व अखंड आघात यांमुळे गीताला एखाद्या कारखान्याची घरघर प्राप्त झाली आहे.

गीताचा विषय प्रेम नसून मोटारींनी होणारे हवेचे प्रदूषण हा आहे. रस्त्यांवरून धूर ओकत धावणाऱ्या मोटारींना त्यात वेड्या घोड्यांची उपमा दिली आहे. इंजिनाची शक्ती अश्वशक्तीत मोजतात, याचाही त्यास संदर्भ आहे. त्या काळात हा विषय अमेरिकेत ऐरणीवर होता. २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन साजरा झाला, त्याच वर्षी स्वच्छ हवेसंबंधीचा कडक कायदा झाला व पर्यावरण-संरक्षणासाठी संघराज्याची स्वतंत्र यंत्रणा अस्तित्वात आली. ऑस्मंड कुटुंब ज्या लॉस अँजेल्स परिसरात काम करीत होते, तो धूरमिश्रित धुक्यासाठी कुप्रसिद्ध होता. सृष्टी ही ईश्वराने माणसाकडे सोपविलेली ठेव आहे, असे मानणाऱ्या कुटुंबाने या विषयावर गावे, यात विसंगती नव्हती. विसंगती वाटली ती नादाची. पण धुराची व गोंगाटाची निर्भर्त्सना मंजुळ स्वरांत केली असती, तर ती उपदेशाच्या पातळीवरच राहिली असती. ज्याची निंदा करावयाची त्याचाच आवाज उसना घेतल्याने गीतास धार आली.

प्रतिसाद : हे गीत अमेरिकेत चौदाव्या, तर ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. १९७२ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये या कुटुंबाने अक्षरशः लाट निर्माण केली. पाच भावांचे ‘क्रेझी हॉर्सेस’, डॉनीची प्रेमगीते आणि नऊ वर्षांच्या जिमीचे नाताळात पहिल्या क्रमांकावर असलेले बालगीतवजा गाणे, ही सर्व एकाच हंगामातील होत. एकाच घरातून हार्ड रॉक व बालगीत एकाच वेळी बाहेर पडत असल्याने श्रोत्यांची व समीक्षकांची द्विधा अवस्था झाली. दक्षिण आफ्रिकेत या गीतावर बंदी घालण्यात आली. ‘घोडा’ हा शब्द हेरॉइन या मादक द्रव्यासाठी बोलीत वापरला जातो, म्हणून तेथे गैरसमज झाल्याचे ऑस्मंड बंधूंनी पुढे सांगितले. चहा-कॉफीही वर्ज्य मानणाऱ्या गायकांवर असा संशय यावा, यातून नादावरून नीतीची पारख करण्याची सवय किती रूढ होती, ते दिसून येते.

नंतरचा काळ : मिळालेल्या मोकळिकीचा भावांनी पुढे जो उपयोग केला, तो त्यांच्या प्रेरणेवर प्रकाश टाकतो. १९७३ साली त्यांनी ‘द प्लॅन’ ही एकसूत्री ध्वनिमुद्रिका काढली. जन्मापूर्वीचे आत्म्याचे अस्तित्व, ऐहिक जीवनातील कसोटी व मरणोत्तर गती या मॉर्मन कल्पना तीत रॉक, नृत्यसंगीत व भावगीत अशा विविध शैलींतून मांडल्या होत्या. हार्ड रॉककडे जाणे हा त्यांच्या दृष्टीने बंडाचा नव्हे, तर स्वतःचे म्हणणे स्वतः मांडण्याचा मार्ग होता, हे यावरून स्पष्ट होते. तीमधील ‘गोइंग होम’ व ‘लेट मी इन’ या गीतांना ब्रिटनमध्ये चांगले यश लाभले. अमेरिकेत मात्र दोन्ही गीते पहिल्या तीस क्रमांकांत येऊ शकली नाहीत. डॉनीच्या चाहत्यांना ती ध्वनिमुद्रिका जड वाटली व रॉकच्या श्रोत्यांनी या नावाकडे पाठच फिरविली.

१९७४ मध्ये ‘लव्ह मी फॉर अ रीझन’ या मृदू प्रेमगीताने वृंदास ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळाला आणि हार्ड रॉकचा प्रयोग जवळजवळ संपुष्टात आला. १९७६ ते १९७९ या काळात डॉनी व मारी यांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम कुटुंबाच्या व्यवसायाचा केंद्रबिंदू बनला व थोरले भाऊ मुख्यतः पडद्यामागे गेले. १९८० नंतरच्या दशकात चौघा थोरल्यांनी कंट्री शैलीचा अवलंब केला. ‘क्रेझी हॉर्सेस’ हे गीत मात्र टिकून राहिले. स्कॉटलंडमधील सेन्सेशनल ॲलेक्स हार्वी बँड या रॉक वाद्यवृंदाने ते १९७६ साली पुन्हा मुद्रित केले, तर १९९० नंतरच्या दशकात युटा सेंट्स या ब्रिटिश नृत्यसंगीतकारांनी केलेली त्याची नवी रूपे पुन्हा लोकप्रियतेच्या यादीत आली. ज्या श्रोतृवर्गाने त्या काळी या भावंडांची उपेक्षा केली, त्याच वर्गातील पुढच्या पिढीने या गीताला आपले मानले.

महाराष्ट्रातील समांतर उदाहरणे : ज्या वर्षी हे गीत निघाले, त्याच वर्षी, म्हणजे १९७२ साली, लेड झेपेलिनचे जिमी पेज व रॉबर्ट प्लँट यांनी मुंबईत भारतीय वादकांसह काही ध्वनिमुद्रणे केली. मुंबईतील महाविद्यालयीन तरुणांत रॉक वाद्यवृंदांचे लोण तेव्हा पसरले होते. त्यांतून पुढे आलेले गायक नंदू भेंडे (मृत्यू २०१४) हे ‘झोपी गेलेला जागा झाला’सारख्या निर्मळ विनोदी नाटकांसाठी प्रसिद्ध असलेले आत्माराम भेंडे व अभिनेत्री आशा भेंडे यांचे पुत्र होत. त्यांनी १९७४ साली ॲलेक पदमसी यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक संगीतिकेच्या प्रयोगात जूडासची भूमिका केली आणि १९७८ साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मधून तो आवाज मराठी रंगभूमीवर आणला. सोज्ज्वळ करमणुकीचा वारसा असलेल्या घरातून आलेला हा स्वर मराठी प्रेक्षकांना नवा होता.

कुटुंबगायनाच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण कल्याणच्या शिंदे घराण्याचे आहे. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांनी विठ्ठलभक्तीची व भीमगीते गाऊन अफाट लोकप्रियता मिळविली. त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद यांनी १९८० नंतरच्या दशकात ध्वनिफितींच्या प्रसारकाळात पोपटावरील एका खट्याळ, ठसकेबाज गीताने खळबळ उडविली. काहींनी त्यास सवंग म्हटले. पण वऱ्हाडात, गणेशोत्सवात व कामगारवस्त्यांत ते गाजले. याच घराण्याने भक्तिगीते व भीमगीते गाणे सोडले नाही. पुढील पिढीतील आदर्श शिंदे यांनी ‘दुनियादारी’ (२०१३) या चित्रपटात देवाला उद्देशून गायिलेले गीतही तितकेच लोकप्रिय झाले. भक्ती व गोंगाट हे एकाच गळ्यात नांदू शकतात, हे येथेही प्रत्ययास येते.

‘क्रेझी हॉर्सेस’चा विषयही या परिसरास परका नाही. कल्याणलगतच्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात स्वातंत्र्योत्तर काळात निर्वासितांच्या वसाहती, रासायनिक कारखाने व कापड रंगविण्याचे उद्योग वाढले. त्यांच्या सांडपाण्याने वालधुनी व उल्हास या नद्या दूषित झाल्या. अंबरनाथचे शके ९८२ मधील शिवमंदिर ज्या वालधुनीच्या काठी आहे, तिच्या पाण्याची दुर्दशा हा तेथील नागरिकांच्या दीर्घ तक्रारीचा विषय ठरला. औद्योगिक समृद्धीची किंमत हवा व पाणी यांतून मोजावी लागते, हा ऑस्मंड बंधूंच्या गीताचा इशारा अशा नगरांना तंतोतंत लागू पडतो.

मूल्यमापन : संगीताच्या दृष्टीने ऑस्मंड बंधूंनी हार्ड रॉकमध्ये मूलभूत भर घातली, असे म्हणता येत नाही. त्यांची शैली बव्हंशी ब्रिटिश वाद्यवृंदांवरून घेतलेली होती व ती एक-दोन वर्षांपलीकडे टिकली नाही. त्यांच्या प्रयोगाचे महत्त्व सांस्कृतिक आहे. नाद व नीती यांची लोकमानसात बसलेली सांगड अनिवार्य नाही, हे त्यांनी दाखवून दिले. निर्व्यसनी, श्रद्धाळू व आज्ञाधारक तरुणही संतापू शकतात आणि त्या संतापाला कर्कश स्वर शोभू शकतो, याची या गीताने साक्ष दिली. त्याचबरोबर, लहानपणी लाभलेली प्रतिमा मोडण्यास केवळ संगीतकौशल्य पुरत नाही, हेही त्यांच्या अनुभवावरून दिसते. कंपनीचा व्यवहार, दूरचित्रवाणीची मागणी व चाहत्यांची अपेक्षा या तिन्ही शक्ती त्यांना पुन्हा मूळ साच्याकडे ओढीत राहिल्या. समवयस्क जॅक्सन बंधूंनाही स्वतःची गीते स्वतः रचण्याच्या अधिकारासाठी १९७५ च्या सुमारास आपली मूळ कंपनी सोडावी लागली. बालवयात घडविलेल्या कलावंतास प्रौढपणी स्वतःचा आवाज मिळविण्यासाठी जो झगडा करावा लागतो, त्याचे ‘क्रेझी हॉर्सेस’ हे एक बोलके उदाहरण होय.